शाळेची परीक्षा कोण घेणार?

दोस्तांनो,

परीक्षा आटोपल्या, ऊन तापायला लागलं, आपल्या यवतमाळकडे दुपारी एकनंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसेनासं झालं, की माझ्याकडे एका ठराविक प्रकारची पत्रं यायला लागतात. पाचवी संपलेल्यांची पत्रं. ‘नंबर लागला’ किंवा ‘नंबर लागला नाही’ अशी. यंदा मात्र एक वेगळं पत्र आलंय, आणि ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

पत्र दिग्रस तालुक्यातल्या एका मुलाचं आहे. नाव छापू नका, असं त्यानं दोनदा लिहिलंय, म्हणून छापत नाही. तो लिहितो : “माझं नाव नवोदयच्या यादीत आलं. एका मोठ्या खाजगी निवासी शाळेतही माझी निवड झाली. बाबा म्हणतात नवोदय, कारण तिथे पैसे लागत नाहीत. मामा म्हणतो ती दुसरी, कारण तिथे इंग्रजी पक्कं होतं आणि घोडे आहेत. आजी म्हणते कुठंच पाठवू नका, पोरगं हळवं आहे. मी हळवा आहे हे खरं आहे. सर दुसऱ्या मुलावर ओरडले तरी माझ्या पोटात गोळा येतो. मला कुठं जायचं ते कोणी विचारलंच नाही. आणि विचारलं तर काय सांगू तेही समजत नाही.”

आधी त्या ‘हळव्या’चं पाहू. आपल्याकडे हा शब्द दोन सुरांत बोलला जातो. आजीच्या तोंडी तो मायेनं येतो आणि वर्गातल्या दांडगोबांच्या तोंडी ‘रड्या’ होऊन येतो. दोन्हीकडे अर्थ मात्र एकच धरलेला असतो : पोरात काहीतरी कमी आहे.

कमीबिमी काही नाही, बरं का! १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस या डॉक्टर नवरा-बायकोनं एक अभ्यास हाती घेतला. १३३ मुलं त्यांनी अगदी तान्ही असल्यापासून मोठी होईपर्यंत वर्षानुवर्षं पाहिली. दूध कसं पितात, नवा माणूस आला की काय करतात, आवाज झाला की किती दचकतात, सगळं. त्यांना दिसलं, की साधारण १५ टक्के मुलं नव्या गोष्टीपासून आधी दोन पावलं मागे सरतात, बघत राहतात, आणि आपल्या वेळेनं रुळतात. म्हणजे चाळीसच्या वर्गात सहा! हळवेपणा म्हणजे अगदी हेच असं नव्हे, पण त्याचा जवळचा भाऊ म्हणा. आणि त्या दोघांना सगळ्यांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी, की कुठलाच स्वभाव मुळात चांगला किंवा वाईट नसतो. मुलाचा स्वभाव आणि त्याच्या भोवतीची माणसं यांचा मेळ बसला, की मूल फुलतं. मेळ बसला नाही, की कुढतं.

म्हणजे ‘चांगली शाळा कोणती?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. दुकानात गेल्यावर आपण ‘चांगला जोडा द्या’ एवढंच म्हणून पैसे मोजतो का? पाय घालून बघतो, दोन पावलं चालून बघतो. सगळ्या यवतमाळात भारी असलेला जोडा तुमच्या करंगळीला चावत असेल, तर तो तुमच्यासाठी भारी नाही.

गंमत बघा. शाळा तुमची परीक्षा घेते, तीही कडक. नवोदयची परीक्षा दोन तासांची. ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले निम्मे गुण आकृत्या ओळखण्याच्या त्या बुद्धिमत्ता चाचणीला, उरलेले गणिताला आणि भाषेला. सैनिकी शाळेची सहावीची परीक्षा तर ३०० गुणांची, आणि वर पुन्हा डॉक्टरांची तपासणी : डोळे बघतात, कान बघतात. पण तुम्हाला रात्री घर आठवलं तर ही शाळा काय करते, याची परीक्षा कोण घेणार? तिथं ना प्रश्नपत्रिका, ना निकाल. ती तुम्हालाच घ्यावी लागते, आईबाबांना सोबत घेऊन.

आता या शाळा आहेत तरी काय, ते थोडं सांगते. नवोदय विद्यालयांची सुरुवात १९८५-८६ मध्ये दोन ठिकाणी झाली. एक हरियाणातलं झज्जर, आणि दुसरं आपलं शेजारचं अमरावती! खेड्यातल्या हुशार मुलांना पैशावाचून उत्तम शिक्षण मिळावं, हा हेतू. म्हणून निदान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना आणि एक तृतीयांश जागा मुलींना. आपल्या जिल्ह्याचं नवोदय घाटंजी तालुक्यात बेलोऱ्याला आहे. राहणं, जेवण, कपडे, पुस्तकं सगळं सरकारचं. सहावीला साधारण ८० मुलं घेतात. सुरुवातीची वर्षं शिकवणं आपल्या भाषेतून, मग हळूहळू इंग्रजी-हिंदीकडे. मुलांचे चार गट असतात, त्यांना डोंगरांची नावं : अरवली, नीलगिरी, शिवालिक, उदयगिरी. आणि एक गोष्ट, जी घरोघरी कुणाला ठाऊक नसते : नववीत काही मुलांना, साधारण दहातल्या तिघांना, एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयात पाठवण्याची योजना आहे. आपली मुलं हिंदी मुलखात, तिकडची इकडे. मला ही कल्पना फार आवडते. पण ज्याला नवीन जागेची धास्ती वाटते त्यानं हे आधीच माहीत करून घ्यावं. नववीत अचानक कळलं तर पायाखालची जमीन सरकते.

सैनिकी शाळांमध्ये साताऱ्याची सगळ्यांत जुनी, १९६१ ची, देशातली पहिली. आपल्याला जवळची म्हणजे चंद्रपूरची, ती २०१९ मध्ये सुरू झाली. तिथे शिस्त फौजी. पहाटे उठणं, कवायत, मैदान. मुलींनाही आता सैनिकी शाळांत प्रवेश आहे. खर्च वर्षाला लाखाच्या पुढे जातो, पण घरच्या उत्पन्नाप्रमाणे शिष्यवृत्ती मिळते. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं खाजगी संस्थांच्या भागीदारीत आणखी शंभर सैनिकी शाळांना मान्यता द्यायचं ठरवलं, तेव्हा ‘सैनिकी’ पाटीच्या खाजगी शाळाही आता आहेत. हळव्या मुलानं तिकडे फिरकूच नये, असं मी मुळीच म्हणणार नाही. काही मुलांना ठरलेलं वेळापत्रक आवडतं. आता काय होईल, कोण काय बोलेल, ही हुरहूरच नको असते त्यांना. बिगूल वाजला की उठायचं, वाजला की जेवायचं. ओरडण्यापेक्षा अनिश्चितपणा ज्याला जास्त छळतो, तो तिथं सुखी होऊ शकतो. तुम्हाला नेमकं काय छळतं, ते तुम्हीच ओळखायचं.

राहिल्या निव्वळ खाजगी शाळा. त्यांच्या बाबतीत एक कायद्याची गोष्ट तुमच्या बाबांना वाचून दाखवा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १३ व्या कलमानं, प्रवेश देताना मुलाची किंवा आईवडिलांची चाळणी लावायला मनाई केली आहे. मोडलं तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड. हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. नवोदय आणि सैनिकी शाळांना कायद्यात वेगळा वर्ग दिला आहे आणि त्यांच्या परीक्षा चालू आहेत. पण एखादी खाजगी शाळा सहावीच्या मुलाची परीक्षा घेऊन वर डोनेशन मागत असेल, तर ‘आमच्याकडे निवडक मुलंच असतात’ हे तिचं वाक्य अभिमानानं ऐकायचं नसतं. ‘परीक्षा’ न म्हणता ‘ओळखभेट’ म्हटलं म्हणून चाळणीचं सूप होत नाही. चाळणी ती चाळणीच!

तर परीक्षा कशी घ्यायची? शाळा बघायला जा, पण तिचा खास दिवस असेल तेव्हा नको. त्या दिवशी रांगोळी असते, पताका असतात, आणि घोडाही आंघोळ करून उभा असतो. एखाद्या साध्या मंगळवारी जा, जेवणाच्या सुटीच्या आसपास. मोठ्या मुलांकडे बघू नका, सगळ्यांत लहान मुलांकडे बघा. ताटं घेऊन रांगेत उभी असताना ती बोलतायत का? एखाद्याचं ताट पडलं तर पुढे काय होतं? हसतात, ओरडतात, की कुणी फडकं आणतं? शिक्षक समोरून आले की मुलं भिंतीला चिकटतात का? ज्याला सर दुसऱ्यावर ओरडले तरी गोळा येतो, त्याला पाच मिनिटांत कळतं, की या आवारात ओरडणं रोजचं आहे की क्वचितचं. बघा, तुमचा हळवेपणा इथं कामाला येतो! मामाला घोडे दिसतील, तुम्हाला चेहरे दिसतील.

मग विचारा. लाजू नका, हवं तर प्रश्न कागदावर लिहून आईला विचारायला सांगा. रात्री वसतिगृहात मुलांजवळ कोण झोपतं? ताप आला तर कुणाला उठवायचं? घरी फोन कधी करता येतो, आणि बोलताना शेजारी कोणी उभं असतं का? भेटायला कधी येता येतं? शेवटचा नंबर येणाऱ्या मुलाचं तुम्ही काय करता? आणि हा सगळ्यांत बोचरा : सहावीला घेतलेल्या मुलांपैकी किती जण इथूनच दहावीला बसतात? काही शाळांचा शंभर टक्के निकाल कसा लागतो ठाऊक आहे? नववीतच ‘तुमच्या मुलाला इथं झेपत नाही’ असं सांगून दाखला हातात देतात. प्रश्न ऐकून साहेबांच्या कपाळाला आठी पडली, तर तेही उत्तरच समजा. मारण्याबद्दलही सरळ विचारा. त्याच कायद्याच्या १७ व्या कलमानं मुलांना मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्ही बंद केलंय. ‘शिस्तीसाठी थोडंफार लागतंच हो’ असं कुणी हसत हसत म्हणालं, तर तिथून चहा पिऊन निघा.

वसतिगृहाचं सगळं गणित शेवटी एका माणसावर येतं, आणि तो म्हणजे तिथला अधीक्षक, ज्याला मुलं रेक्टर म्हणतात. इमारत किती मजली, संगणक किती, यावर नाही. साने गुरुजी तुम्हाला ‘श्यामची आई’मुळे माहीत आहेत. पण १९२४ पासून १९३० पर्यंत ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांनी खोली घाण ठेवली तर ते रागवायचे नाहीत. मुलं बाहेर गेली की स्वतः झाडून ठेवायचे, अंथरुणं नीट करायचे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलांनाच लाज वाटायची आणि मुलं झाडू लागायची. मुलांसाठी ते हातानं लिहिलेलं दैनिकही काढायचे. स्वतः गुरुजी किती हळवे होते, हे काय मी सांगायला हवं? शिक्षणासाठी घर सोडून दापोली, औंध, पुणे असे ते फिरले होते. वसतिगृहातलं पोरकेपण त्यांना आतून माहीत होतं. सगळीकडे साने गुरुजी कुठून मिळणार म्हणा! पण रेक्टर सरांना मुलांची नावं पाठ आहेत की नुसते नंबर, एवढं तर बघता येईल.

आता आईबाबांचं. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत बरेचदा असतं, की बाबा ऐकत नाहीत. ऐकत नसतील. पण त्यांच्या मनात काय चाललंय तेही ओळखा. कोरडवाहू वावरात कापसाचं काय होतं हे तुम्ही घरात बघताच. एक पोरगं यातून बाहेर पडावं म्हणून ज्यानं वर्षभर सायकलवर मागे बसवून शिकवणीला नेलं, त्याला ‘मला तिथं भीती वाटते’ हे वाक्य ऐकायला जड जातंच. म्हणून नुसतं ‘मी नाही जाणार’ म्हणू नका. कशाची भीती वाटते ते नेमकं सांगा. “बाबा, मला अभ्यासाची भीती नाही, रात्रीची आहे.” असं म्हटलं की बाबांना काहीतरी करता येतं. ते शाळेत विचारू शकतात, त्याच शाळेतल्या गावच्या एखाद्या दादाची गाठ घालून देऊ शकतात.

आणि तुम्हाला विचारणं हा काही लाड नाही हं. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करार आहे, त्यावर आपल्या देशानं ११ डिसेंबर १९९२ ला मान्यतेची मोहोर उठवली. त्याचं १२ वं कलम म्हणतं, की मुलाबद्दलचा निर्णय घेताना मुलाचं मत ऐकून घेतलं पाहिजे आणि वय-समज बघून त्याला वजन दिलं पाहिजे. वजन दिलं पाहिजे, सगळं तुमच्याच मनासारखं झालं पाहिजे असं नाही. अकरा वर्षांच्या मुलानं एकट्यानं ठरवावं इतका हा निर्णय सोपा नाही, आणि त्याला न विचारता ठरवावं इतका तो मोठ्यांचाही नाही.

मग माझ्या दिग्रसच्या दोस्ता, तुला मी काय सांगू? दोन्ही शाळा मी तुझ्या डोळ्यांनी पाहिलेल्या नाहीत. पण माझं मत विचारशील तर त्या घोड्यांच्या शाळेपेक्षा मी आधी बेलोऱ्याला जाऊन बघेन. ती तुझ्याच जिल्ह्यात आहे. सुरुवातीची वर्षं मराठी कानावर पडेल. आणि तिथली बहुतेक मुलं तुझ्यासारखीच खेड्यातून, पहिल्यांदाच घराबाहेर आलेली असतील. रडणारा तू एकटा नसशील. शिवाय बाबांवर कर्ज होणार नाही, आणि ‘माझ्यासाठी एवढे पैसे भरले’ हे ओझं उशाशी घेऊन झोपावं लागणार नाही. हळव्या मुलाला ते ओझं फार लागतं. मोठ्यांना वाटतं मुलांना पैशाचं कळत नाही. कळतं!

आणि बेलोरा बघूनही मन ‘नाही’च म्हणालं तर? तर गावाजवळच्या शाळेत सहावीला बस. सहावीची नवोदय परीक्षा एकदाच देता येते, हे खरं. म्हणून तर घरातले इतके घाईवर येतात. पण आठवीत असताना नववीच्या रिकाम्या जागांसाठी नवोदयची वेगळी परीक्षा होते, आणि सैनिकी शाळाही नववीला मुलं घेतात. चौदाव्या वर्षीचा तू आजच्या तुझ्यापेक्षा बराच वेगळा असशील. बस चुकली म्हणजे रस्ता बंद झाला असं नाही, पुढची बस आहे. मात्र तिला जागा कमी असतात, हेही लक्षात ठेव.

जे कुणी जून-जुलैत जाणार आहेत, त्यांच्यासाठी थोडं. पहिले काही आठवडे घर आठवणारच. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी जास्त आठवतं. यात लाज नाही आणि आजारही नाही. बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. घरची एखादी वस्तू सोबत न्या, आजीच्या लुगड्याचा तुकडा का असेना. घरी फोन कराल तेव्हा ‘न्यायला या’ एवढंच न म्हणता दिवसात काय काय झालं तेही सांगा, कारण तिकडे आईही त्या दिवशी जेवलेली नसते. पण जेवणच जात नाही, रोज पोट दुखतं, झोप लागत नाही, कुणी मारतं, अंगाला नको तिथं हात लावतं, ‘सांगितलंस तर बघ’ म्हणून दम देतं, यातलं काहीही असेल तर ते घर आठवणं नाही. ते ताबडतोब घरी सांगायचं. घरी सांगता येत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा फोन आहे, रात्रंदिवस चालू, पैसे लागत नाहीत. हा नंबर वहीच्या शेवटच्या पानावर आजच लिहून ठेवा.

आणि परत यावंसं वाटलं तर? गावात लोक ‘पळून आला’ म्हणतील, हीच धास्ती मुलांना अडवते. लोक दोन आठवडे बोलतात, मग सोयाबीनच्या पेरणीला लागतात. आठवीपर्यंतच्या मुलाला शाळा बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क शिक्षणहक्क कायद्याच्या पाचव्या कलमानं दिला आहे. आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्येसुद्धा.

तुमची
ताई